आंबोलीहून सुहासला

आंबोली, 12 जुलै

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन महिना झाला. "रियाज चालू आहे ना?" एवढंच तू विचारलं होतंस, आणि त्याचंच उत्तर मला देता येत नव्हतं. वर्षभर बासरी हातात घेतली की बोटं पाठ झालेल्या ताना वाजवायची, मी नुसता फुंकत राहायचो.

इथे आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारातच ओढ्याकडून शीळ आली. वाटलं, कुणी पोरगा गुरांमागे निघालाय. धुकं, पाऊस, पाण्याचा खळाळ, आणि त्यातून ती सावकाश शीळ. घरमालक म्हणाले, "तो शीळकरी कस्तूर." उजाडल्यावर दिसला. काळसर निळा, कपाळावर आणि खांद्यावर मोरपंखासारखी चमक.

चार दिवस तानपुरा लावून मी त्याचा राग शोधत होतो. दोन स्वर जुळले की तिसऱ्याला तो भलतीकडे उतरायचा, मधेच थांबायचा. पाचव्या दिवशी तानपुरा बंद केला आणि ऐकत बसलो. किती थांबतो रे तो! आणि मी रिकामी जागा दिसली की भरून टाकत आलो. तू ठेका धरून डोळ्यांनी "थांब जरा" म्हणायचास, ते आत्ता कळलं.

परीक्षेसाठी आपण घोकलेलं आठवतं? 13व्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकरा'त सांगितलेलं: मोराचा षड्ज, चातकाचा ऋषभ, बकऱ्याचा गांधार, क्रौंचाचा मध्यम, कोकिळाचा पंचम, बेडकाचा धैवत, हत्तीचा निषाद. पण कोकिळ एका पंचमावर उभाच राहत नाही. प्रत्येक 'कुहू' आधीच्यापेक्षा जरा वर, आणि टोकाला पोचला की एकदम गप्प. पावशाचं 'पेर्ते व्हा'ही तसंच चढत जातं. मला वाटतं, ती यादी स्वर मोजायला नव्हतीच. कान कुठे लावायचा, ते तिच्यात सांगितलंय.

काल संध्याकाळी फक्त मध्यम धरला. श्वास संपेपर्यंत. मग थांबून पाऊस ऐकला, पुन्हा धरला. तासभर एवढंच. गुरुजी गेल्यापासून पहिल्यांदाच वाजवताना डोळे भरून आले.

आषाढ सरायच्या आत तबला घेऊन ये. दमट हवेनं पुडी उतरेल, म्हणून चुलीजवळची कोरडी जागा तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. फक्त पहाटे पाचच्या आत उठावं लागेल.

तुझा,
विनय