माईबद्दल छापण्याआधी

ठाणे

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, माईच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर मिळाला. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि करायचं तेच करता. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने वाचा आणि दुसऱ्या डोळ्याची तारीखही आता घेऊन टाका.

मजकूर चांगला उतरलाय. शेवटच्या आजारपणाचं पान मला एका दमात वाचता आलं नाही. पण संपूर्ण पुस्तिकेत माई कुठेही पैसे मोजताना दिसत नाही! देवपूजा आहे, एकादशा आहेत, आम्हा नातवंडांचे लाड आहेत आणि "परिस्थितीशी झुंज" आहे. कुठली परिस्थिती, बाबा? आजोबा नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये होते. नाशिकरोडची प्रेसची नोकरी म्हणजे त्या काळी मुलींचे बाप उंबरे झिजवायचे. घरात खायला कमी नव्हतं. माईने पापड-कुरडयांचा धंदा केला, कारण तिला धंदा आवडायचा. चार पैसे हातात खुळखुळले की तिला बरं वाटायचं. एवढं सरळ वाक्य लिहायला आपल्याला संकोच का वाटावा? आजोबांच्या नोकरीबद्दल लिहिताना तर वाटला नाही.

तिच्या वह्या माझ्याकडे आहेत, तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यात जुनी १९५६ ची, वर "सिंहस्थ साल" असं लिहिलेली. तुमचा जन्मही तिच्यातच आहे, उडदाची डाळ आणि सुईणीचं लुगडं या दोन नोंदींच्या मधे. पुढच्या वर्षी, १९५७ च्या एप्रिलात, नवे पैसे आले. तिथून कितीतरी पानं माईने हिशेब दोन्हींत मांडलाय, डावीकडे आणे, उजवीकडे नवे पैसे. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे धरायचे, पण चार आणे म्हणजे पंचवीस. त्या पानाच्या समासात तिने लिहिलंय, "चोक चोवीस होतात. वरचा एक कोणाचा?" आणि लगेच खालच्या ओळीपासून सुटे आणे घेणं बंद, सगळा माल चार आण्यांच्या पटीत. चौथी शिकलेली बाई! हे पान जसंच्या तसं फोटो काढून छापा, माझं ऐका.

मला आठवते ती माई पन्नाशी ओलांडलेली, तरी उन्हाळ्यात आमच्याआधी गच्चीत. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजायचा, रोज पाणी बदलून. मग वाटायचा, गाळायचा, चीक रात्रभर बसू द्यायचा. पहाटे वरची निवळ ती अशा हाताने ओतायची की खालचा पांढरा चीक हलायचा नाही. जितका चीक तितकंच पाणी, त्यात हिंग-मीठ, आणि पाण्याला उकळी आली की एकीने चीक ओतायचा, दुसरीने चाटू फिरवायचा. थांबलं की गुठळी. शिजला का हे बघायला माई बोट पाण्यात बुडवून सरळ त्या रटरटणाऱ्या चिकावर टेकवायची. बोटाला चिकटला नाही की सोऱ्या भरायला घ्यायचा. आम्हा पोरांना वाटीभर गरम चीक मिळायचा, वर तेल, आणि तो खाऊन झाला की आजोबांच्या जुन्या धोतरावर कावळे हाकत बसायची ड्यूटी. फुकट काही नसायचं.

तो पितळी सोऱ्या कुठून आला हे तुम्ही लिहिलंच नाही. तुम्हीच तर मला सांगितलं होतं. ६९ च्या गोदावरीच्या महापुरात भांडीबाजारात पाणी शिरलं, माईचा माल घेणाऱ्या एका दुकानदाराचं सगळं भिजलं. त्याच्याकडे तिची बाकी होती. आजोबा म्हणाले, सोडून दे, माणूस बुडालाय. माईने निम्मी सोडली आणि निम्मीचं मोठं पातेलं आणि सोऱ्या उचलून आणला, गाळ लागलेला तसाच. पुढची दहा वर्षं तो दुकानदार तिच्याकडूनच माल घेत होता. मला यात तिचा मोठेपणा वगैरे काही सांगायचा नाही. तिला धंदा कळत होता.

बुधवारच्या बाजाराचंही तसंच. तुम्ही लिहिता, "गोरगरिबांविषयी कळवळा". अहो, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, पेठ-सुरगाण्याकडची नागली घेताना ती शेजारचे लोक बघायला लागेपर्यंत घासाघीस करायची. मी तिचा पदर ओढायचे. दाणा दाताखाली धरून ओल किती आहे ते सांगायची आणि भाव पाडायची. पापड लाटायला येणाऱ्या बायकांना शेकड्यावर मजुरी होती, फाटका पापड मोजणीत धरायची नाही. पण पावसाळ्यात काम बंद असताना उचल द्यायची ती बिनव्याजी, आणि ती द्यायला कोणाच्या नवऱ्याला घरात घेत नसे. बाईच्या हातात पैसे, बाईची सही नाहीतर अंगठा. ते अंगठे वहीत आहेत.

आता खरी गोष्ट. पान सातवर तुम्ही लिहिलंय की गंगापूर रोडची जागा आजोबांनी घेतली. बाबा, खरेदीखत काढून बघा, कपाटात निळ्या फायलीत आहे. नाव माईचं आहे. भिशी तीच चालवायची, आणि चालवणारीची पहिली उचल असते तशी तिनेही घेतली, त्यात पापडांचे पैसे घातले आणि १९७८ साली प्लॉट घेतला. आजोबांचं म्हणणं होतं, तिकडे कोल्हे ओरडतात, कोण राहायला जाणार! आज तुम्ही दोघं ज्या बाल्कनीत चहा पिता ती त्या कोल्ह्यांच्याच जागेवर आहे. हे वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुस्तिका छापायला द्यायची नाही. बाकी सगळं तुमच्या मनासारखं ठेवा.

सिंहस्थाबद्दलही थोडं खरं येऊ द्या. ५६ पासून २०१५ पर्यंतचे सगळे तिने पाहिले, आणि दर वेळी खानदेशातले पाहुणे वाड्यात वळकट्या घेऊन हजर. तुम्ही लिहिलंय, तिला सेवेचं समाधान मिळालं. ती म्हणायची, "पुण्य गंगेत आणि पाहुणे माझ्या बोकांडी!" तरी २०२७ चा बघायचा म्हणून हट्ट होताच. रस्ते खणायला घेतले की आधी खणणाऱ्यांना नावं ठेवून घेतली असती.

पूर बघायची हौसही लिहा. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पूर्ण बुडाला तेव्हा अठ्ठ्याऐंशीची होती, आणि आई, तू तिची चप्पल लपवून ठेवली होतीस. मी मोबाइलवर फोटो पाठवला तर म्हणाली, "फोटोत काय, काहीही दाखवतात." मे महिन्यात दिवसभर कुरडया घालून संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर जाऊन बसायची ती काय श्रद्धेने नाही. वक्ता लांबण लावायला लागला की घड्याळ दाखवणारी बाई तीच. सार्वजनिक वाचनालयाचं कार्डही होतं तिचं. १८४० पासूनचं वाचनालय, म्हणून फार कौतुक, पण पुस्तक आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी मला परत पिटाळायची.

आई, आता तुझ्याशी. तुझं एकही वाक्य यात नाही. घरातल्या सुनेला विचारायचं बाबांना सुचलं नसेल, किंवा सुचलं असेल आणि धीर झाला नसेल. तुझं नि माईचं पटायचं नाही हे आम्हाला पोरांनाही कळत होतं. डब्यांची झाकणं ज्या आवाजात लागायची त्यावरून कळायचं. पण माझ्या जन्मानंतर तू शाळा सोडायला निघालीस तेव्हा तिने काय सांगितलं ते तूच मला हसत हसत सांगितलंयस. "एका ओट्यापाशी दोन बायका मला चालायच्या नाहीत. तू तुझ्या शाळेत जा. पोरगी मी बघते." तू पेन्शन घेतेस ती त्या भांडणाची. आणि शेवटच्या दोन वर्षांत तिची वेणी तूच घालायचीस, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. तेव्हा गुडघ्याला शेक घेत बसशील ना, तेव्हा चार पानं लिही. गोड लिहायची सक्ती नाही.

फोटोबद्दल: शाल पांघरलेला, नव्वदीच्या सत्काराचा फोटो मुखपृष्ठावर नको. त्यात ती बसवल्यासारखी दिसते. तागडी हातात धरलेला, कोणावर तरी खेकसतानाचा कृष्णधवल फोटो आहे, तो घ्या. कोपरा फाटलाय, पण माझ्या ऑफिसातला मुलगा नीट करून देईल.

छापखान्याला आठवडाभर थांबायला सांगा. शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने येते, वह्या घेऊन. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, रात्रीची गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय ते मला आईकडून कळलंय. रिक्षा करून येईन. निळी फाईल तेवढी काढून ठेवा.

आणि आई, तुझी पानं मी येईपर्यंत बाबांना दाखवू नकोस. ते दुरुस्त करतील.

तुमची,
मनू