पॅनलच्या दारातलं ड्रॉइंग

प्रिय लेकी,

तुझा ड्रॉइंगचा संच पाहिला. 52 शीट, दोन रात्री लागल्या. तू एकटीने केलेलं पहिलंच कंट्रोल पॅनल आणि एकही क्रॉस रेफरन्स चुकलेला नाही. रिलेच्या कॉइलपासून निघालं की त्याचा प्रत्येक कॉन्टॅक्ट सापडतो. तुझ्या वयात मला हे जमत नव्हतं. पण सोबत तू लिहिलंस, ‘डिझाइन संपलं, आता फक्त डॉक्युमेंटेशन उरलंय.’ त्या ‘फक्त’पाशी मी अडकलो.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट आहे. एका प्लांटमध्ये कमिशनिंगच्या, म्हणजे सगळं सुरू करून देण्याच्या, शेवटच्या दिवशी पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, एक इनपुट कार्ड गेलं; टाकीतली पातळी मोजणाऱ्या लेव्हल ट्रान्समीटरचा सिग्नल त्यावर येत होता. ट्रान्समीटर 4 ते 20 मिलिअँपिअरचा, हाताशी उरलेलं कार्ड 1 ते 5 व्होल्टचं. मी टर्मिनलवर 250 ओहमचा रेझिस्टर टाकला. 20 मिलिअँपिअरला बरोबर 5 व्होल्ट, आकडा जुळला. ड्रॉइंगवर लाल पेनाने तेवढी खूण करायची राहिली. सगळे निघायच्या घाईत होते, मीही.

दोन वर्षांनी शटडाउनमध्ये टर्मिनल आवळताना तिथल्या इलेक्ट्रिशियनला तो रेझिस्टर दिसला. त्याने पॅनलच्या दारातलं ड्रॉइंग उघडून पाहिलं. त्यात रेझिस्टर नव्हता. कुणी चाचणीपुरता लावलेला राहिला असेल, असं समजून त्याने तो काढला. प्रवाहाला वाट उरली नाही, इनपुटवर जवळजवळ सगळा सप्लाय येऊन बसला आणि पीएलसीला टाकी काठोकाठ भरलेली दिसू लागली. टाकी रिकामी होत होती आणि भरणारा पंप काही सुरू होईना. त्यांनी ट्रान्समीटर बदलला, केबल तपासली, कार्ड बदललं. मला फोन आला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ‘सारखी भरलेली दाखवतेय’ एवढं ऐकलं आणि तो टर्मिनल नंबर मला जसाच्या तसा आठवला. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. त्याने ड्रॉइंग खरं मानलं होतं.

आता तुझ्याकडे वळतो. पॉवर सप्लाय 24 व्होल्ट, 10 अँपिअर. हे 10 कुठून आले? हिशेब तू केलाच असशील, पण तो तुझ्या वहीत आहे. उद्या कुणी आणखी सहा सोलेनॉइड जोडायला आला, तर किती वाव उरलाय हे त्याला कसं कळणार? ते कोष्टक त्याच शीटवर टाक. पॅनलमधल्या उष्णतेच्या हिशेबाचंही तेच.

नावांचं बघ. एकच पंप आयओ लिस्टमध्ये, म्हणजे पीएलसीच्या इनपुट-आउटपुटच्या यादीत, ‘फिल पंप’, लेआउटवर ‘पंप 1’ आणि पॉवर सर्किटमध्ये ‘एम3’ आहे. आयईसी 81346 या आंतरराष्ट्रीय मानकात नावापुढे बरोबरचं चिन्ह कामासाठी, अधिकचं जागेसाठी आणि उण्याचं त्या वस्तूसाठी ठरवून दिलंय. सुरुवातीला हे सगळं लिहिणं जिवावर येतं, मीही कुरकुरलोय. पण एक नाव धर आणि तारेवरच्या फेरूलपासून सामानाच्या यादीपर्यंत, बीओएमपर्यंत, तेच ठेव.

सगळ्यात जास्त मला खटकली ती आयओ लिस्ट. टाकीच्या वरच्या लेव्हल स्विचचा तू एनसी, म्हणजे एरवी जुळलेला, कॉन्टॅक्ट घेतलास, तार तुटली तरी पंप थांबावा म्हणून. उत्तम. पण हे कुठेच लिहिलेलं नाही. एखाद्या दिवशी तो स्विच बिघडेल, स्टोअरमध्ये एनओ, म्हणजे एरवी उघडा असणारा, मिळेल, कुणीतरी तो बसवून प्रोग्रॅममध्ये सिग्नल उलटा करून घेईल. मशीन चालेल. पंचाईत तीच आहे, की ते चालेल, आणि तार तुटून पंप थांबला नाही की मगच कळेल! लिस्टमध्ये ‘तार तुटल्यास काय’ असा एक रकाना वाढव आणि प्रत्येक ओळीत भर.

रिव्हिजनमध्ये ‘साईटप्रमाणे बदल’ एवढंच लिहू नकोस. कोणती शीट, काय बदललं, का बदललं. केबलमधल्या रिकाम्या कोरही, म्हणजे न वापरलेल्या ताराही, दाखव. आणि साईटवर गेलीस की दारातल्या प्रतीचे फोटो आधी काढ. वायरमनने पेन्सिलने केलेल्या खुणा ऑफिसातल्या फाइलमध्ये कधीच पोचत नाहीत.

शीट 14 वरचा ऑफ-डिले टायमर, सिग्नल गेल्यावर उशिराने बंद होणारा, अडीच सेकंदांचा का आहे? मोटर पुरती थांबेपर्यंत मशीनचं संरक्षक दार, गार्ड, उघडू नये म्हणून असेल, असा माझा अंदाज. कळव मला. पण कळवण्याआधी शीटवर लिही.

तुझा,
बाबा