जागलीवरचा ब्योमकेश

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
मार्गशीर्ष

प्रिय सुध्या,

स.न.वि.वि. वगैरे तुला लिहायचं म्हणजे हसू येतं, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. परवा फोनवर तू विचारलंस, "रात्री बारा-बारा वाजेपर्यंत ऑनलाइन दिसतो, काय करून राहिला बे?" तर ऐक. आम्ही शेतात बसून ब्योमकेश बक्षी पाहून राहिलो, दूरदर्शनवरची ती जुनी गुप्तहेराची मालिका.

यंदा तूर बरी आहे, हरभराही बरा. त्यामुळं रानडुकरांची आमच्यावर मोठी मर्जी, म्हणून रात्रीची जागली, म्हणजे राखण. त्यात या हप्त्यात ओलिताच्या पंपाची लाईन रात्रीची. एकदा स्प्रिंकलर लावले की पाईप बदलेपर्यंत माणसाला काम नाही आणि झोपायची सोय नाही. मग शेजारच्या वावरातला गजानन येतो, रिटायर झालेले मास्तर येतात (त्यांचं वावर दूर, पण घरी करमत नाही म्हणतात), आणि माझा पुतण्या मोबाईल घेऊन येतो. नेटपॅक त्याचा, चहा माझा.

मास्तरांना ही सवय लागली लॉकडाऊनात. २०२० च्या मार्च अखेरीस दूरदर्शननं ब्योमकेश पुन्हा दाखवायला घेतला होता, आठवतं? त्याच वर्षी जूनमध्ये मालिकेचे दिग्दर्शक बासू चटर्जी गेले. आता सगळे भाग यूट्यूबवर पडलेले आहेत, केव्हाही लावा.

पण मला तुला सांगायचं आहे ते ग्रामोफोनच्या पिनेचं.

१९९३ साली आपण आठवीत होतो आणि गावात जे दोन-तीन टीव्ही होते त्यातला एक तुमच्या ओसरीत होता. लाईन गेली की काका ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. 'रास्ते का काँटा' लागला त्या दिवशीही लाईन गेलेली. कलकत्त्याच्या भर रस्त्यात माणसं पडून मरतात, छातीत ग्रामोफोनची पिन घुसलेली, आणि मारणारा कोणालाच दिसत नाही. एक जण वाचतो, कारण पिन त्याच्या खिशातल्या घड्याळात अडकते. अख्खी ओसरी श्वास रोखून बसली होती आणि इकडे बॅटरी उतरत चालली. चित्र आधी चारही बाजूंनी आत सरकलं, मग ब्योमकेश पोस्टाच्या पाकिटाएवढा झाला, मग एक रेघ, मग काहीच नाही.

पिन मारली कशी, हे गावाला कळलंच नाही. मग गावानंच ठरवलं. तुझा चुलतभाऊ म्हणाला, गलोल. पिठाच्या चक्कीवर लोक म्हणाले, तोंडात नळी धरून फुंकली असंल. तुझ्या आजोबांनी छत्रीचं काढलं, की छत्रीच्या दांड्यात स्प्रिंग असते. ते इतकं पटलं की त्या पावसाळ्यात गावात कोणी छत्री समोर धरून आला की आपण पोट्टे बाजूला व्हायचो.

खरा शेवट मी पाहिला तो नोकरीच्या शोधात नागपूरला होतो तेव्हा, कुणाच्या तरी सीडीवर. सायकलची घंटी! घंटीत बसवलेलं यंत्र, खुनी सायकलवरून जातो, वाटेतल्या माणसाला बाजूला करायला घंटी वाजवतो, आणि माणूस खाली. आता या वयात पुन्हा पाहताना घंटी पहिल्यांदा वाजते तिथंच मी गजाननच्या मांडीवर चापट मारली. तो म्हणे, "काय झालं?" त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मास्तरांना माहीत होतं, तेही गप्प. शेवट माहीत असणाऱ्यानं न माहीत असणाऱ्याचं तोंड पाहत बसायचं, हा वेगळाच खेळ आहे लेका.

आणि शेवट माहीत असला की मजा जाते असं तू म्हणतोस ना, ते मला पटत नाही. पहिलाच भाग घे, 'सत्यान्वेषी'. मेसचा मालक अनुकूलबाबू, होमिओपॅथीचा डॉक्टर. पहिल्यांदा पाहताना तो देवमाणूस वाटतो. भाडेकरूंची चौकशी करतो, अतुलबाबू बनून आलेल्या ब्योमकेशला अजितच्या, म्हणजे त्याच्या पुढच्या जोडीदाराच्या, खोलीत जागा करून देतो. त्या औषधांच्या आड कोकेनचा धंदा चालतो हे ठाऊक असलं की त्याचं तेच गोड बोलणं ऐकताना अंगावर काटा येतो. काकूंनी तेव्हाच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता: "हा डॉक्टर लय गोड बोलून राहिला, याच्यावर ध्यान ठेवा." आपण हसलो होतो. त्यांना सांग, मास्तरांनी परवा त्यांचं नाव काढलं.

पुतण्याचा मात्र सारखा वाद. "काका, आज असतं तं दहा मिनिटांत केस खतम. टॉवर लोकेशन काढलं का झालं." गजानन बिडी विझवत म्हणाला, "अन् मोबाईल घरीच ठेवून गेला तं?" पोट्टं गप्प.

मला विचारशील तर त्या मालिकेत आज खटकण्यासारखं पुष्कळ आहे. सेट साधे, मारामारी आली की नजर चुकवावीशी वाटते, पार्श्वसंगीत गरज नसताना उसळतं. पण ब्योमकेश झालेला रजित कपूर समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो. मध्ये तोडत नाही. नोकर पुंटीराम चहा आणून ठेवतो, के. के. रैनांचा अजित ब्योमकेशला आपल्या मनातले भलते प्रश्न विचारतो, आणि खुनाचा उलगडा त्या खोलीतच होतो. 'मकडी का रस' मध्ये तर ब्योमकेश त्या विषाची नशा करणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी जातच नाही. अजित जाऊन येतो, जे पाहिलं ते सांगतो, आणि हा घरी बसून ओळखतो की म्हाताऱ्याला विष शाईतून मिळतं. आपल्याकडं बैल चोरीला गेला की जुनी माणसं असंच करायची. पारावर बसून एकेकाला बोलतं करायची, आणि कोणाचं बोलणं कुठं अडलं ते लक्षात ठेवायची.

आणखी एक. ब्योमकेशची बायको सत्यवती झालेली सुकन्या कुलकर्णी आपलीच मराठी. आणि ज्यांनी ब्योमकेश लिहिला ते शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून तू राहतोस त्या पुण्यातच राहायला होते. पहिली कथा १९३२ ची, पण नंतरच्या कितीतरी पुण्यात बसून लिहिलेल्या. तू तिथं इतकी वर्षं आहेस, हे तुला ठाऊक होतं का? नसणारच.

'करमचंद' आम्ही अर्धाच पाहिला. १९८५ चा, पंकज कपूर, काळा गॉगल आणि हातात गाजर. मास्तर त्यावर जीव टाकतात. ते म्हणतात, तो लागायचा तेव्हा त्यांच्या शाळेतली पोरं डब्यात गाजरं आणायची. मला तो रहस्यापेक्षा त्याच्या नखऱ्यासाठी आवडतो. त्याची सेक्रेटरी किट्टी काही बोलायला गेली की तो तिला गप्प करतो, त्यावर पुतण्याची बायको म्हणाली, "अर्ध्या केसी तं तिच्यामुळंच सुटतात." खरं आहे ते.

गजाननला सीआयडीशिवाय काही पटत नाही. दयानं दरवाजा तोडला की त्याच्या जिवाला शांती. १९९८ ते २०१८, आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू. मास्तर नाक मुरडतात, पण शिवाजी साटम मुंबई दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य' पासूनचे, म्हणून त्यांना काही म्हणू देत नाहीत. २००४ साली सीआयडीनं एकशे अकरा मिनिटांचा भाग कॅमेरा एकदाही न थांबवता घेतला होता, ते मी सांगितलं तेव्हा मास्तर पहिल्यांदा म्हणाले, "बरं, लावा मंग."

तू सांगितलेला कोलंबो, तो अमेरिकन डिटेक्टिव्ह, तोही पाहिला. इंग्रजी आहे, पुतण्या अर्थ सांगतो, अर्धा चुकीचा. पण चांगला आहे हो! खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवून टाकतात, आणि मग तो चुरगळलेल्या रेनकोटातला माणूस जाता जाता दारातून परत वळतो आणि आणखी एक प्रश्न विचारतो. १९७१ च्या मालिकेत हे करून ठेवलंय. गजानन म्हणाला, "हा आपल्या पटवाऱ्यासारखा हाये, निघालो निघालो म्हणते अन् निघत नाई." गजाननला एवढं पसंत पडणं म्हणजे मोठी गोष्ट.

संक्रांतीला येतो म्हणालास, तर नक्की ये. काकूंनाही आण, छत्रीच्या त्या थिअरीवर त्यांचं मत मास्तरांना ऐकायचं आहे. आणि येताना तुझा तो छोटा स्पीकर विसरू नको. मोटारीच्या आवाजात ब्योमकेश काय म्हणतो ते गजाननला ऐकू येत नाही, आणि मग तो आपल्या मनानंच खुनी ठरवून घरी जातो.

तुझा,
विनायक