एका रिक्षात मावेल एवढा संघ

बुक्स, स्वित्झर्लंड
सोमवार, १९ फेब्रुवारी २०१८ (शिवजयंती)

तीर्थरूप आप्पा व आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे आधी लिहिते, कारण फोटोत माझ्या मनगटाला पट्टी दिसल्यापासून आईला घास गोड लागेना, असं दादा म्हणाला. अगं, नुसतं मुरगळलंय. बर्फावर पाय सटकला, हात टेकला, झालं. हाड शाबूत आहे. त्याच हातानं लिहितेय, अक्षर बघ. आजीला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. दादानं तिला सावकाश वाचून दाखवावं.

इकडं सध्या मेडलची धामधूम आहे. मी राहते त्या गावात नाही, ऱ्हाईनचा पूल ओलांडून कामाला जाते त्या लिक्टेनस्टाईनमध्ये. आप्पा, तुम्ही विचारलं होतं देश केवढा. तासगाव शहरात जेवढी माणसं, साधारण तेवढीच: ३८ हजार. कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकला यांचे तीन खेळाडू गेलेत, अख्खा संघ एका रिक्षात मावेल. त्यातली टीना वाइराथर शनिवारी सुपर-जी शर्यतीत, म्हणजे पायाला स्कीच्या पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट येतात त्यात, तिसरी आली.

आम्ही ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडं मुक्कामाला होतो. पहाटे उठून पांघरुणं घेऊन टीव्हीपुढं. टीना दुसरी होती. सगळं ठरल्यात जमा, तेवढ्यात चेक देशाची एस्टर लेडेका, मुळात स्नोबोर्डवाली, म्हणजे एकाच फळीवर उभं राहून घसरणारी, मागून आली आणि ०.०१ सेकंदानं पहिली! टीना तिसरीवर घसरली, आणि स्वित्झर्लंडची लारा गुट चौथी, टीनापेक्षा ०.०१ सेकंद मागं. तुम्ही घड तोडताना कात्री मिटते ना आप्पा, त्याच्याही आत हे सगळं. आमच्यात एक स्विस पोरगी होती, तिनं कॉफी संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. मैत्रिणीचे वडील मात्र डोळे पुसत होते. १९८८ नंतर यांना एकही मेडल नव्हतं. त्याआधी १९८० ला टीनाच्याच आईनं, हानी वेंझेलनं, अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड गावी दोन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलेलं. लेकीचं २०१० चं ऑलिंपिक गुडघ्यानं घालवलं. २०१४ ला सोचीत ती देशाचा झेंडा घेऊन चालली आणि सरावात पडली. शर्यतीला उभीच राहिली नाही. दोनदा हुकलं म्हणून घरचे तिला काय बोलले असतील, असं उगाच मनात आलं.

मग सगळे मला विचारायला लागले, तुमचे किती? म्हटलं, दोघं. सव्वाशे कोटींत दोघं! पण शिवा केशवनचं हे सहावं ऑलिंपिक, आणि हिमालयातल्या रस्त्यावर तो घसरगाडीला चाकं लावून, ट्रक नि मेंढरं चुकवत सराव करायचा, हे सांगितल्यावर हसणारे गप्प झाले.

आजीसाठी आता एक गंमत. काल इथं होळी होती. म्हणजे होळीच, फक्त पुरणपोळी नाही. ‘फुंकेनझोनटाग’ म्हणतात, ठिणग्यांचा रविवार. ख्रिसमसची वाळलेली झाडं घरोघरी मागून आणतात, लाकडांचा दुमजली घराएवढा मनोरा रचतात, आणि टोकाला चेटकिणीची बाहुली. तिच्या पोटात दारू भरलेली असते, फटाक्यांची. आदल्या रात्री पोरं त्या मनोऱ्यावर पहारा करतात, कारण शेजारच्या गावची पोरं येऊन गुपचूप पेटवून जातात! आपल्याकडं लाकडं चोरतात, इथं होळीच चोरतात म्हण ना. अंधार पडला की पेटवायचा आणि सगळ्यांनी चेटकिणीकडं बघत थांबायचं. ती धडाड् फुटली तर थंडी गेली. न फुटता नुसतीच कलंडली तर वाईट, लोक खरंच हिरमुसतात. एवढी शिकलेली माणसं! बोंब मात्र कुणी मारत नाही, शांतपणे तळलेल्या गोड पुऱ्या खातात. मी एक बोंब मारली. सगळ्यांनी वळून बघितलं.

बाकी, आत्या म्हणते मी आता तिकडचीच होणार. तिला सांगा, हानी वेंझेल जर्मनीत जन्मलेली, लहानपणापासून लिक्टेनस्टाईनमध्ये वाढलेली. तिलासुद्धा १९७४ ला जागतिक सुवर्ण जिंकल्यावर तिथलं नागरिकत्व मिळालं. माझं कुठलं नशीब.

सोसायटीच्या हप्त्याचे ६० हजार दादाच्या खात्यावर टाकलेत. आप्पा, बेदाण्याला दर नसेल तर घाईनं विकू नका, मार्चमध्ये अजून पाठवीन. माझी ओढाताण होत नाही. अक्षय तृतीयेच्या लग्नाला यायचं मात्र जमत नाहीये. सुट्टी मागितली होती, खरंच मागितली होती. काकूंना मी स्वतः फोन करते, तुम्ही आधी सांगू नका. करवलीची साडी धाकटीला नेसवा, तिला निळा शोभतो. दोन दिवाळ्या झाल्या, ह्या दिवाळीला नक्की.

पुण्याच्या मुलाची पत्रिका मिळाली. नाही म्हणत नाही, पण त्याला विचारा, बायको अजून दोन वर्षं इथं राहिली तर चालेल का. हे तुम्हीच विचारा, मी विचारलं तर वाईट दिसेल.

आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
बाय

ता. क. – आई, पडले ती रस्त्यावर नाही, मालबूनला स्की शिकताना. शिकवणीचे पैसे ऑफिसनं भरले होते. चार वर्षांची पोरं माझ्या बाजूनं सुळकन जात होती. एवढं आजीला वाचून दाखवू नका.