जसमाची गोष्ट शापावर संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी रात्री आपल्या शहरातील एका शाळेच्या पटांगणात ‘जसमा ओडण’ या लोककथेवरील भवाईचा, म्हणजे गुजरातच्या लोकनाट्याचा, प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत आपल्या सोमवारच्या अंकात आला असून त्यात या कथेचे वर्णन ‘पातिव्रत्याची महती सांगणारी आख्यायिका’ असे केलेले आहे. प्रयोग मीही पाहिला आणि तो मला मनापासून आवडला. म्हणूनच या वर्णनाविषयी, आणि प्रयोगकर्त्यांनी कथा जिथे थांबवली त्या जागेविषयी, चार शब्द लिहावेसे वाटतात.

वडोदऱ्यात जन्म काढलेल्या मराठी माणसालाही ही कथा माहीत असेलच असे नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. पाटणचा सोळंकी राजा सिद्धराज जयसिंह सहस्रलिंग तलावाचे काम काढतो आणि खोदकामासाठी ओडांच्या टोळ्या बोलावतो. माती खणणे आणि वाहणे हाच ओडांचा पिढीजात धंदा. आपल्याकडच्या मातीवडारांचे काम डोळ्यांपुढे आणले की पुरे. त्या टोळीतल्या जसमावर राजाची नजर जाते. ती नकार देते, ओड रातोरात मुक्काम हलवतात, राजा पाठलाग करून त्यांची कत्तल करतो. नवरा मारला गेल्यावर जसमा ‘तुझ्या तलावात पाणी ठरणार नाही’ असा शाप देऊन चितेत उडी घेते.

भवाई आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. सुरुवातीला गणपतीचा वेश (भवाईतल्या नाट्यप्रसंगाला वेश म्हणतात) येतो, तसा तमाशात गण असतो. नायकाला, म्हणजे सूत्रधाराला, पदोपदी अडवणारा विदूषक रंगलो आपल्या सोंगाड्याचा सख्खा भाऊ शोभेल. भूंगळ मात्र आपल्याकडे नाही. तांब्याच्या त्या लांब नळ्या दोघा वादकांनी आभाळाकडे उचलून फुंकल्या, तेव्हा मागच्या रांगेत मोबाईलवर बोलणारी मंडळीसुद्धा गप्प झाली. रंगमंच उभारलेला नव्हता. जमिनीवर चुन्याने एक वर्तुळ आखलेले होते, तिन्ही बाजूंना प्रेक्षक आणि चौथ्या बाजूने नटांची ये-जा.

या प्रयोगातील खोदकामाचा प्रसंग मी विसरू शकत नाही. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे मातीकामाचे सोंग पाहताना मी जरा खवचटपणेच पाहत असतो. नट बहुधा रिकामे घमेले अशा थाटात उचलतात की त्यात कापूस आहे असे वाटावे. इथे तसे झाले नाही. जसमाचे काम करणारी मुलगी पाटी डोक्यावर घेताना आधी गुडघ्यात वाकत होती, दुसरीने हात लावल्यावर मान ताठ करून उठत होती, आणि पाटी रिती केल्यावर परतीची चाल तिने बरोबर हलकी आणि भरभर ठेवली होती. ओडांनी वर्तुळाच्या मध्यभागी एक जागा न खणता सोडली होती. खोली मोजता यावी म्हणून मातीचा असा खुंट राखून ठेवतात, हे ज्याने मातीकामाचे माप घेतले आहे त्यालाच कळावे. राजाचा कारभारी काठीने तो खुंट मोजतो, मजुरी ठरवताना काठीवरची खूण अंगठ्याने हळूच खाली सरकवतो, आणि रंगलो ते पाहून प्रेक्षकांकडे वळून विचारतो, ‘राजाची काठी उन्हात आटते का हो?’ या वाक्याला जो हशा पिकला त्यात माझाही वाटा होता.

राजा जसमाला महाल देऊ करतो, दागिने देऊ करतो, एवढी जड पाटी वाहू नकोस म्हणून लाडीगोडी लावतो. ती प्रत्येक वेळी आपल्या झोपडीचे, आपल्या कुदळ-फावड्याचे नाव घेऊन त्याला परत पाठवते. या उत्तरांत नवऱ्यावरची निष्ठा आहे, नाही असे नाही. पण त्याहून अधिक आहे तो कष्ट करून खाणाऱ्या बाईचा ताठा. राजाने काम विकत घेतले आहे, काम करणारीला नाही, हे ती त्याला तोंडावर सांगते. एवढे सगळे डोळ्यांसमोर घडत असताना वृत्तांतात मजुरीचा, मापाचा, ओडांचा एका ओळीनेही उल्लेख नसावा आणि सगळी कथा ‘पातिव्रत्य’ या एका शब्दात मिटवावी, याचे आश्चर्य वाटले.

अर्थात याचा सगळा दोष वार्ताहराला देता येणार नाही, कारण प्रयोगाचा शेवट त्याच्याच बाजूचा होता. चितेचा प्रसंग लाल-पिवळ्या ओढण्या हलवून फार देखणा केला होता. त्यावर फुले उधळली गेली, ध्वनिक्षेपकावरून जयजयकार झाला, आणि माझ्या शेजारच्या दोन-तीन बायकांनी हात जोडले. तिथेच प्रयोग संपला. राजस्थानातील देवराला येथील रूपकंवर सतीप्रकरणानंतर सतीच्या उदात्तीकरणाला बंदी घालणारा कायदा १९८७ साली आपल्या देशात झाला, ही गोष्ट फार जुनी नाही. लोककथेत चिता आहे म्हणून ती दाखवूच नये असे माझे म्हणणे नाही. परंतु माणसे मारणारा राजा बाजूला राहून जळणाऱ्या बाईचाच जयजयकार होत असेल, तर दिग्दर्शकाने तो प्रसंग पुन्हा बसवायला हवा.

सिद्धराजाच्या बाबतीत लोककथा आणि ग्रंथ यांचे फारसे पटत नाही. दरबारी परंपरा त्याला विद्येचा आश्रयदाता म्हणून ओळखते, आणि ते खोटेही नाही. आचार्य हेमचंद्रांचे ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ हे व्याकरण त्याच्याच काळातले आणि त्याचे नाव मिरवणारे आहे. सहस्रलिंगात सरस्वती नदीचे पाणी कालव्याने आणले होते, आणि त्या कामाचे जे अवशेष पाटणला आज दिसतात ते पाहून माझ्यासारख्या खात्यातल्या माणसाची छाती दडपते. शापाचे म्हणाल तर १५६१ साली अकबराचा एके काळचा पालक बैरामखान मक्केला निघाला असताना याच तलावाच्या काठी मारला गेला, तो नौकाविहार करून उतरत असताना, असे इतिहास सांगतो. म्हणजे सिद्धराजानंतर चारशे वर्षांनीही तिथे नाव चालण्याइतके पाणी होते! पण शाप खरा ठरला की नाही हा प्रश्न गौण आहे. तलाव राजाच्या नावावर लिहिला गेला, आणि ज्यांनी तो खणला त्यांनी त्याचा हिशेब गोष्टीत लिहून ठेवला, हे मला महत्त्वाचे वाटते. आजव्याच्या तलावाचे पाणी आपण वडोदरेकर सयाजीराव महाराजांचे नाव घेऊन पितो आणि ते योग्यच आहे. त्या बांधावर माती कोणी वाहिली याची मात्र आपल्याकडे गोष्टसुद्धा नाही.

आणि ही गोष्ट शापावर संपत नाही, हा माझा मुख्य मुद्दा. गुजरातेत कोणत्याही वणकर, म्हणजे विणकर, समाजाच्या वस्तीत विचारले तर पुढचा भाग ऐकायला मिळेल. तलावात पाणी ठरेना, तेव्हा बत्तीसलक्षणी पुरुषाचा बळी द्यावा असे ज्योतिषांनी सांगितले, आणि निवड झाली ती मायो नावाच्या वणकर तरुणाची. हाच वीर मेघमाया. त्या काळी त्याच्या समाजाला गळ्यात थुंकण्यासाठी मडके आणि मागे पाऊलखुणा पुसण्यासाठी झाडू बांधून फिरावे लागे. मरण्यापूर्वी त्याने राजाकडे मागितले ते एवढेच: हे मडके आणि झाडू जावे, आमच्या लोकांना गावाजवळ राहता यावे, आमच्या अंगणात तुळस आणि पिंपळ असावा. मडके आणि झाडू हे शब्द वाचून मराठी वाचकाला पेशवाईतील पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही.

म्हणजे तलाव खणला ओडांनी, आणि कथेप्रमाणे त्यात पाणी आणले ते एका अस्पृश्य विणकराने. जसमा नकार देते आणि मायो मागणी करतो. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून सांगितल्या तर चितेच्या प्रसंगाचा भपका आपोआप उतरतो. मायोची कथाही बळी जाण्याचीच आहे आणि तिचेही देव्हारे माजवता येतात, हा धोका मला दिसतो. तरी त्याच्या मागण्या प्रेक्षकांच्या कानांवर एकामागून एक पडल्या तर फुले उधळणारा हात थोडा तरी थबकेल.

भवाईला हा शेवट पेलणार नाही असे कोणी म्हणू नये. या कलेचा मूळपुरुष मानला जाणारा चौदाव्या शतकातील असाईत ठाकर सिद्धपूरचा ब्राह्मण होता. ऊंझ्याच्या हेमाळा पटेलांची मुलगी गंगा हिला एका सरदाराच्या तावडीतून सोडवताना ती आपलीच मुलगी आहे असे त्याने सांगितले, आणि खात्री पटवण्यासाठी तिच्या ताटात जेवला. त्याच्या जातीने त्याला वाळीत टाकले, आणि पोटासाठी तो वेश रचू लागला. परंपरा त्याच्या नावावर ३६० वेश सांगते. ज्या कलेचा जन्मच एका ताटात जेवल्याबद्दल झालेल्या शिक्षेतून झाला, तिला मायो परका कसा असेल? शिवाय प्रयोग झाला तो वडोदऱ्यात. याच शहरात १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले गेले, दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही, आणि कमाटी बागेत तासन्‌तास बसून शेवटी त्यांनी मुंबईची गाडी धरली.

आयोजकांनाही एक विनंती करावीशी वाटते. भूंगळ ही मैदानात दूरवर ऐकू जावी म्हणूनच घडवलेली आहे. तिच्यासमोर ध्वनिक्षेपक लावल्याने पुढच्या रांगेतील मुले कानांवर हात ठेवून बसली होती. निमंत्रितांचे सोफे आखलेल्या वर्तुळाच्या इतके जवळ होते की राजाच्या घोडेस्वारांना वळसा घ्यायला जागा उरली नाही, आणि एकाचा घोडा, म्हणजे कमरेला बांधलेली वेताची चौकट, सोफ्याच्या हातात अडकला. रंगलोने ‘घोड्यालाही मानाची जागा हवी’ असे म्हणून ते सावरून नेले, यात त्याची हुशारी दिसली, व्यवस्था नव्हे.

हाच प्रयोग पावसाळ्यापूर्वी शहरात पुन्हा करण्याचा मानस असल्याचे त्या रात्री जाहीर झाले आहे. त्या वेळी चितेनंतर मायोला वर्तुळात आणावे. त्यासाठी फार तर वीस मिनिटे लागतील, आणि ती प्रयोगाआधीच्या सत्कार समारंभातून सहज काढता येतील.

आपला,
एक वाचक, वडोदरा