मोकळ्या जागेसाठी हरकत : घरटी, लेखी आणि येत्या ११ दिवसांत

सर्व रहिवासी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

बुधवारी सकाळी तिसऱ्या गल्लीतले आजोबा पेपरातलं एक कात्रण घेऊन समितीच्या दारात येऊन उभे राहिले. आजोबा हिंदी पेपर भिंग घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचतात. कात्रण तळहाताएवढं. त्यात खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे नंबर), रकबा म्हणजे क्षेत्रफळ आणि एक ओळ : "आमोद-प्रमोद से वाणिज्यिक", म्हणजे करमणुकीच्या मोकळ्या जागेतून व्यापारी वापरात. खसरा क्रमांक कुणाच्या लक्षात राहतो? आजोबांच्या राहिला, कारण त्यांच्या घराच्या रजिस्ट्रीत चतुःसीमेत पूर्वेला हाच क्रमांक लिहिलेला आहे. म्हणजे आपल्या वसाहतीच्या मागची मोकळी जागा. आपण सगळे जिला "मैदान" म्हणतो ती.

ही सूचना काय आहे, ते आधी नीट समजून घेऊ. आपल्या शहरातला जमिनीचा वापर इंदूर विकास योजना २०२१ प्रमाणे ठरतो. बोलताना आपण तिला मास्टर प्लॅन म्हणतो. ती १ जानेवारी २००८ पासून लागू आहे. २०२१ साल कधीच उलटलं, पण नवी योजना लागू होईपर्यंत कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे हिरवळ हे हाच कागद सांगतो. त्याच्या नकाशात मैदान हिरव्या रंगात आहे. आता मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ च्या कलम २३-क खाली ते वाणिज्यिक करण्याचा प्रस्ताव आहे. कायदा सांगतो की अशा फेरबदलाची सूचना दोन दैनिकांत लागोपाठ दोन दिवस छापायची, कलेक्टर कार्यालयात लावायची आणि १५ दिवसांत कोणाही व्यक्तीकडून लेखी हरकती व सूचना मागवायच्या. ज्यांना या बदलाची झळ बसणार त्यांचं म्हणणं ऐकून मगच निर्णय करायचा. संपूर्ण नवी योजना येते तेव्हा हरकतींना ३० दिवस मिळतात. अशा एकट्या-दुकट्या बदलाला त्याच्या निम्मे.

बुधवार धरून आज शनिवारी चौथा दिवस आहे. उरले ११.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. जमीन खासगी आहे. मालकांच्याच परवानगीने इतकी वर्षं आपला गणपती तिथे बसतो आणि त्यांनी कधी एक पैसा मागितलेला नाही. त्यांना अर्ज करायचा हक्क आहे. आपल्याला हरकत घ्यायचा हक्क आहे. त्यांच्याविषयी कुणीही वावगं बोलू नये, ग्रुपवर तर मुळीच नाही. दुकानांनाही आपला विरोध नाही. औषधांचं दुकान, गिरणी, किराणा या गोष्टी वसाहतीला लागतातच. पण ३० फुटी गल्लीच्या तोंडाशी मोठं व्यापारी संकुल आलं, तर तिथे येणाऱ्या गाड्या उभ्या कुठे राहणार? याचं उत्तर सूचनेत नाही आणि विचारल्याशिवाय कुणी देणारही नाही.

आणि पाण्याचं काय? मागच्या जुलैत रात्रभर झोडपून पाऊस झाला, ती सकाळ आठवा. चारही गल्ल्यांचं पाणी उताराने मैदानात उतरलं होतं. दुसऱ्या गल्लीतल्या काकू पायऱ्यांवर उभ्या राहून बघत होत्या, पाणी शेवटच्या पायरीला लागलं आणि तिथेच थांबलं. दुपारपर्यंत मैदानात मुलांच्या घोट्याएवढं पाणी होतं, दुसऱ्या दिवशी चिखल, तिसऱ्या दिवशी बेडूक. घरांत एक थेंब शिरला नाही. मैदानाच्या कडेची बोअरिंग मे महिन्यातही चालते, तिचा या मुरणाऱ्या पाण्याशी संबंध असणार असं आमचं मत आहे. मैदानावर भराव घालून फरशी टाकली की ते पाणी कुठे जाईल, हे काकूंची पायरी सांगते. काकूंनी मोबाइलवर काढलेले त्या सकाळचे फोटो आमच्याकडे आहेत, तारखेसकट. असे फोटो आणखी कुणाकडे असतील, तर ते आज सोन्याच्या मोलाचे आहेत.

मागची चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, म्हणून तीही सांगतो. काही वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या प्लॉटबाबत अशीच सूचना आली होती. पंधरा दिवस आपण बाकावर बसून चर्चा केली. पार्षदांना (नगरसेवकांना) भेटलो, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार लावली, शिष्टमंडळ नेलं. शेवटी एक पत्र केलं, त्याखाली १४० सह्या घेतल्या आणि मुदत संपल्यावर दोन दिवसांनी ते दिलं. खिडकीतल्या बाबूंनी पत्र घेतलं, शिक्का मारला आणि सौम्यपणे सांगितलं, "देर हो गई, साहब." ते खोटं बोलत नव्हते. हेल्पलाइनवरची तक्रार, मंगळवारच्या जनसुनवाईतला अर्ज, महापालिकेच्या ३११ ॲपवरचा फोटो, या सगळ्यांचा आपापल्या जागी उपयोग आहे. पण कायद्याने मागितलेली हरकत म्हणजे ठरलेल्या कार्यालयात, मुदतीत, लेखी दिलेली आणि जिची पोच आपल्या हातात आहे तीच. बाकावर झालेली चर्चा फायलीत जात नाही.

शिवाय १४० सह्यांचं एक पत्र म्हणजे एकच मुद्दा १४० वेळा. या वेळी आम्हाला प्रत्येक घराची वेगळी हरकत हवी आहे. ज्यांची मुलं त्या रस्त्याने सायकलवर शाळेत जातात त्यांनी तेच लिहावं. ज्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेले आई-वडील आहेत त्यांनी लिहावं की अँब्युलन्स आज कशीबशी वळते, उद्या वळणार नाही. पहिल्या गल्लीत ड्रेनेज दर पावसाळ्यात उलटं येतं, त्यांनी ते लिहावं. भाषा भारी नको. सूचनेची तारीख, खसरा क्रमांक, आपलं नाव, पत्ता, आपलं म्हणणं, सही आणि शेवटी एक वाक्य : "मुझे सुनवाई का अवसर दिया जाए." ही ओळ विसरू नका, सुनावणीला बोलावणं येण्याची वाट तिथूनच आहे.

कार्यालयाचं काम हिंदीत चालतं आणि आपल्यातल्या अनेक आजी-आजोबांना लिहायला मराठीच सोपी जाते. त्यांनी खुशाल मराठीत लिहावं, नाहीतर नुसतं सांगावं. वसाहतीतल्या तीन निवृत्त शिक्षिकांनी हिंदीत उतरवून द्यायचं कबूल केलं आहे. आणखी दोघं-तिघं मिळाली तर काम एका दिवसात होईल. कॉलेजातल्या मुला-मुलींनो, तुमचं हिंदी टायपिंग आम्हाला हवं आहे.

काही जण म्हणतील, अशाने काय होतं? १९७० साली नर्मदेचं पाणी इंदुरात आणा म्हणून याच शहरातली माणसं रस्त्यावर उतरली होती. १९७८ साली पाणी आलं. आज आपण नळ उघडतो ते नर्मदाकाठच्या जलूदहून चढवून आणलेलं पाणी आहे. तुमच्या घरात तेव्हाचं कुणी असेल तर त्यांना विचारा, त्या वेळी किती लोकांनी "काय होतं" म्हटलं होतं.

बंगळुरातलं एक प्रकरणही सांगण्याजोगं आहे. तिथल्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९९१ साली निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. आपलं प्रकरण तंतोतंत तसं नाही, ती जागा सार्वजनिक बागेची होती. पण मोकळ्या जागेचं काय होतं याविषयी बोलायचा हक्क त्या वस्तीत राहणाऱ्यांना आहे, हे तिथे मान्य झालं.

आणि आपल्याच शहरातल्या पटेल नगरची बावडी, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. ३० मार्च २०२३, रामनवमी. बगिच्यातल्या जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब हवन चालू असताना कोसळला आणि ३६ माणसं गेली. तिथल्या रहिवाशांनी बगिच्यातल्या बांधकामाबद्दल आधीच तक्रार केली होती. यावर जास्त लिहवत नाही. आपल्यातल्या काहींची नातेवाईक मंडळी त्या भागात राहतात. एवढंच म्हणायचं आहे की मोकळ्या जागेवर काय उभं राहतं, हा प्रश्न फक्त गाड्या आणि सावलीचा नसतो.

संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांत पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे आणि दुसरा जमिनीच्या वापराचा व बांधकामांच्या नियमनाचा. पाणी, रस्ते, सफाई त्यानंतर. सफाईत इंदूरकरांनी काय करून दाखवलं ते देशाने पाहिलं. ओला-सुका कचरा घराघरातून वेगळा निघाला म्हणून ते झालं. जमिनीच्या बाबतीत मात्र आपण अजून सूचनाही वाचत नाही.

आता मदत काय हवी ते.

सगळ्यात आधी माणसं. मैदानाच्या भोवतालची पाहणी आपल्याच हातांनी करायची आहे : सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ गल्लीच्या तोंडाशी किती गाड्या जातात, रस्त्याची खरी रुंदी किती, झाडं किती आणि कोणती, पाणी कुठून कुठे वाहतं. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस हा नगररचनाकार होळकर दरबारासाठी इंदूरचा अहवाल करत होता (तो १९१८ साली निघाला). आधी शहर हिंडून बघायचं आणि मग नकाशावर रेघ ओढायची, ही त्याची रीत होती. आपल्या चार गल्ल्या हिंडायला दोन दिवस पुरतील. त्यासाठी २० जण हवेत. वसाहतीत निवृत्त इंजिनियर, ओव्हरसियर, पटवारी आहेत हे आम्हाला माहीत आहे. काका, तुमचा एक तास आमच्या दहा तासांच्या बरोबरीचा आहे.

मग कागद. वसाहतीचा मंजूर ले-आउट, जुन्या रजिस्ट्र्या, मैदानाचे जुने फोटो, लग्नाच्या अल्बममधलेसुद्धा. कुणी म्हणेल माहितीच्या अधिकारात मागवा. तो अर्जही आम्ही टाकतो आहोत, पण त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि आपल्याकडे ११ आहेत. म्हणून घरातल्या लोखंडी पेट्या आजच उघडा.

शेवटी पैसे. प्रमाणित नकला, खासगी सर्वेयरकडून उतारांची मोजणी, वकिलांकडून मुख्य हरकतीचा मसुदा आणि झेरॉक्स मिळून ६५,००० रुपयांचा अंदाज आहे. वसाहतीत १३० घरं आहेत, म्हणजे घरटी ५०० रुपये. ज्यांना जमेल त्यांनी जास्त द्यावेत. ज्यांना या महिन्यात जमणार नाही त्यांनी अजिबात संकोच करू नये, त्यांची हरकत आम्हाला पाचशेच्या नोटेपेक्षा मोलाची आहे. भाडेकरूंनी पैसे द्यायची गरज नाही, पण हरकत जरूर द्यावी. कायदा "कोणीही व्यक्ती" म्हणतो, घरमालक म्हणत नाही. रक्कम समितीच्या खात्यात किंवा खजिनदारांकडे रोख, दोन्हीची छापील पावती घ्या. पावतीशिवाय कुणालाही काही देऊ नका. कोणत्याही पक्षाकडून किंवा दुसऱ्या बिल्डरकडून आम्ही एक रुपयाही घेणार नाही. हिशेब दर रविवारी देवळाजवळच्या फळ्यावर लागेल. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते सभा ठरवेल. पुढे हायकोर्टात जायची वेळ आली, तर त्यासाठी वेगळं विचारू, आत्ता त्या नावाने काही गोळा करत नाही.

हे आवाहन मराठीत आहे कारण समितीच्या वह्या पहिल्यापासून मराठीत आहेत. पण मैदान आपल्या सिंधी, गुजराती, मारवाडी शेजाऱ्यांचंही आहे. हिंदी प्रत सोबत आहे, ती शेजारच्या दारात स्वतः नेऊन द्या आणि दोन मिनिटं बोला. नुसती फॉरवर्ड करू नका.

उद्या रविवारी सकाळी १० वाजता मैदानातल्या कडुलिंबाखाली सगळे जमू. सगळ्या हरकती एकत्र करून आपण मुदतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे परवाच्या नव्हे तर त्यापुढच्या सोमवारी, स्वतः जाऊन देणार आहोत आणि प्रत्येकाची पोच प्रत्येकाच्या घरी पोचवणार आहोत. ज्यांना उद्या येता येत नाही त्यांच्या घरी संध्याकाळी आमच्यापैकी कुणीतरी येईल.

येताना रजिस्ट्रीची झेरॉक्स, ओळखपत्राची प्रत आणि निळ्या शाईचं पेन आणा. रजिस्ट्रीतली चतुःसीमा आधी वाचून या. आजोबांसारखा तोच खसरा क्रमांक आणखी कुणाच्या कागदात निघाला, तर ते घर यादीत पहिलं.

आपले,
वसाहतीची रहिवासी समिती, इंदूर