‘बोलायला लागा’ एवढ्याने भागत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परभाषा शिकणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ती भाषा बोलणारा माणूस गाठा आणि बोलायला लागा’. सल्ला खरा आहे, पण अर्धा. वर्षभर क्लास केलेली माणसेही पहिल्या भेटीत चौथ्या-पाचव्या मिनिटाला गप्प होतात. नाव, काम, घरी कोण कोण, छंद एवढे झाले की गाडी अडते. समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि शिकणारा ‘अजून व्याकरण कच्चे आहे’ म्हणत पुस्तकाकडे परततो. व्याकरण कच्चे असेलही, पण भेट फसते ती बहुधा वेळेच्या गणितामुळे.

एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे संशोधकांनी 2009 मध्ये दहा भाषांत मोजले. हो-नाहीच्या प्रश्नांना उत्तर यायला सरासरी साधारण 200 मिलिसेकंद लागत होते. जपानीत सर्वांत कमी, डॅनिशमध्ये सर्वांत जास्त. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. चित्र पाहून त्याचे नाव उच्चारायला माणसाला स्वतःच्या मातृभाषेतही सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपायच्या आतच आपण उत्तर जुळवू लागलेले असतो. शिकणाऱ्याला हे साधत नाही, कारण त्याची सगळी शक्ती ऐकण्यातच खर्च होते. तो दोन-तीन सेकंद शांत राहतो. बोलणाऱ्याच्या कानाला ती शांतता ‘कळले नाही’ अशी ऐकू येते आणि तो भाषा बदलतो.

म्हणून भेटीआधी पाठ करायची पहिली गोष्ट म्हणजे भरीचे शब्द. मराठीत आपण ‘अं…’, ‘म्हणजे कसं’, ‘काय म्हणतात ते’ असे म्हणत वेळ काढतो, तसे प्रत्येक भाषेत असतात: जपानीत ‘एऽतो’, स्पॅनिशमध्ये ‘पुएस’, जर्मनमध्ये ‘आल्झो’, फ्रेंचमध्ये ‘अलोर’. असे तीन शब्द जिभेवर बसले की बोलण्याची पाळी आपल्याकडे राहते. क्लासमध्ये हे शिकवत नाहीत, कारण लेखी परीक्षेत त्यांना गुण नसतात!

दुसरी तयारी न कळल्याच्या वेळेची. ‘काय?’ किंवा ‘पुन्हा सांगा’ म्हटले की समोरचा तेच वाक्य मोठ्याने, किंवा अगदी वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि दोन्हींचा उपयोग होत नाही. त्याऐवजी कळलेला भाग उच्चारून अडलेल्या जागी प्रश्न ठेवावा: ‘काल तुम्ही कुठे गेलात म्हणालात?’ मग तो नेमका तेवढाच शब्द सावकाश देतो. शिकत असलेल्या भाषेत अशी चार वाक्ये तयार ठेवावीत: कुठे, कोण, केव्हा आणि ‘या शब्दाचा अर्थ काय’. पुस्तकी उच्चार आणि तोंडी उच्चार यांतले अंतरही आधी ऐकून ठेवावे. ‘मला माहीत नाही’ हे फ्रेंच पुस्तकात ‘ज न से पा’ असते, बोलताना त्याचे ‘शे पा’ होते. हे ठाऊक नसले तर येणारे वाक्यही ओळखू येत नाही.

विषय अरुंद घ्यावा. ‘प्रवास’ नको, ‘गाडी चुकली तर काय करायचे’ हा घ्या. त्यासाठी बारा-पंधरा शब्द आणि पाच-सहा प्रश्न आधी काढून ठेवले की वीस मिनिटे निघतात. दोघेही एकमेकांची भाषा शिकत असतील तर घड्याळ लावून अर्धा-अर्धा वेळ वाटावा आणि त्या वेळात दुसरी भाषा आणू नये. गजराशिवाय हा नियम टिकत नाही. ज्याची भाषा जास्त येते तिच्याकडे बोलणे घसरते. समोरचा इंग्रजीवर गेलाच तर आपण उत्तर त्याच्याच भाषेत द्यावे. दोन-तीनदा तसे केले की तो बहुधा परत येतो.

चुका दुरुस्त करण्याबाबत तर आधीच बोलून घ्यावे. बहुतेक लोक चूक दाखवत नाहीत, आपलेच वाक्य सुधारून परत म्हणतात. ते शिकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक लिस्टर व रांटा यांनी 1997 मध्ये फ्रेंच माध्यमातल्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी 55 टक्के याच प्रकारच्या निघाल्या. त्यांतल्या जेमतेम 31 टक्के वेळा विद्यार्थ्यांकडून काही प्रतिसाद आला. तेव्हा समोरच्याला सांगावे: मध्ये थांबवू नका, अर्थ बिघडतो तिथेच टोका, बाकीचे कागदावर लिहा आणि शेवटी पाचच चुका द्या. पंधरा चुकांची यादी कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

आणि ‘असे का?’ हा प्रश्न विचारू नये. भाषा जन्मापासून बोलणाऱ्याला नियम माहीत असेलच असे नाही. ‘माझा’मधला झ आणि ‘माझी’मधला झ वेगळे का, असे कोणी विचारले तर आपल्यातले किती जण उत्तर देऊ शकतील? उच्चार मात्र कोणीच चुकवणार नाही. विचारायचेच तर दोन वाक्ये पुढे ठेवून ‘यांतले तुम्ही कोणते म्हणाल, आणि कुणाशी बोलताना?’ असे विचारावे. या उत्तरावर भरवसा ठेवता येतो. नियम म्हणून मिळालेले स्पष्टीकरण बऱ्याचदा जागच्या जागी रचलेले असते.

संबोधनाची काळजी वेगळी घ्यावी. तू-तुम्हीचा फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, पण तो कुठे लागू करायचा हे भाषेगणिक बदलते. जर्मनमध्ये ‘झी’वरून (तुम्ही) ‘दू’वर (तू) येण्याचा प्रस्ताव सहसा वयाने किंवा पदाने मोठा असलेला मांडतो, त्याची वाट पाहावी. जपानीत आदरार्थी ‘सान’ दुसऱ्याच्या नावाला लागते, स्वतःच्या नावाला कधीच नाही. ‘तुमचे जपानी छान आहे’ असे दोन वाक्यांनंतर ऐकू आले तर ते प्रमाणपत्र समजू नये. ‘मादा मादा देस’ (अजून बरेच शिकायचे आहे) म्हणून पुढे बोलत राहावे.

परवानगी घेऊन संभाषण ध्वनिमुद्रित केले तर नंतर सगळे ऐकत बसू नये. जिथे आपण अडलो ती दोनच मिनिटे निवडून शब्दन् शब्द उतरवून काढावीत. वेळखाऊ काम आहे, पण गाळलेले प्रत्यय आणि न ऐकलेले छोटे शब्द तिथेच सापडतात. मग तोच विषय दुसऱ्या कुणाशी बोलावा. एक माणूस म्हणजे ती भाषा नव्हे; त्याची बोली, वय, शिक्षण सगळे त्याच्या वाक्यात असते. दोघांनी दोन वेगळे शब्द दिले तर एक खोडू नये. दोन्ही वहीत लिहावेत आणि पुढे कोण, कुठला, साधारण किती वयाचा एवढी नोंद करावी.

आपले,
परभाषा शिकवणारे काही शिक्षक